बापाचा शब्द, लेकीचा पैसा

लँग हॅनकॉक हे पश्चिम ऑस्ट्रेलियातले खाणसम्राट. पिलबारा भागातल्या लोहखनिजाच्या प्रचंड साठ्यांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. १९८४ मध्ये एका माहितीपटासाठी कॅमेऱ्यासमोर बोलताना त्यांनी आदिवासींबाबत एक तोडगा सुचवला. मिश्र वंशाच्या बेकार आदिवासींना एका ठिकाणी गोळा करावे, त्यांच्या पाण्यात औषध मिसळून त्यांना वांझ करावे, म्हणजे पुढे हा समाज आपोआप संपेल. हॅनकॉक १९९२ मध्ये वारले. बोललेले मागे राहिले.

त्यानंतर तीस वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या महिला नेटबॉल संघाच्या पोशाखावर त्यांच्या कंपनीचे बोधचिन्ह झळकणार असे ठरले. नेमक्या त्याच सुमारास संघात एक नवी खेळाडू येत होती. तिचे नाव डॉनेल वॉलम. ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नूंगार या आदिवासी समाजातली. हॅनकॉक ज्यांना संपवण्याची भाषा करत होते, त्यांच्यातली एक लेक आता हॅनकॉक हे नाव अंगावर घालून देशासाठी खेळणार होती. तिने विनंती केली, मला या चिन्हाशिवाय खेळू द्या.

या एवढ्याशा विनंतीतून धर्मचिंतनातले तीन जुने प्रश्न एकदम वर आले. बापाचे पाप मुलीकडे येते का? पैशाला त्याच्या मालकाचा दोष लागतो का? आणि ज्याचा विवेक नकार देतो, त्याच्यासाठी इतरांनी किती झीज सोसावी?

नेटबॉल आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या मैदानाबाहेर फारसा पोहोचलेला नाही. ऑस्ट्रेलियात मात्र मुलींचा हा हक्काचा खेळ आहे. एका संघात सात जणी, प्रत्येकीच्या पोशाखावर तिच्या जागेची अक्षरे, आणि ज्या त्या जागेला ठरवून दिलेली हद्द. चेंडू हातात घेऊन पळता येत नाही, तीन सेकंदांत तो पुढे द्यावा लागतो. ३.०५ मीटर उंचीवरच्या कडीत चेंडू टाकण्याची मुभा सातांपैकी दोघींनाच असते. बास्केटबॉलसारखा मागे फळा नसतो, त्यामुळे चेंडू सरळ कडीतच पडावा लागतो. वॉलम त्या दोघींपैकी एक, म्हणजे गोल शूटर.

तिची कारकीर्द सरळ रेषेत झालेली नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात राज्य पातळीवर खेळूनही देशातल्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये तिला जागा मिळत नव्हती, म्हणून ती इंग्लंडला गेली आणि लीड्स ऱ्हायनोज संघाकडून खेळली. २०२२ च्या हंगामात क्वीन्सलँड फायरबर्ड्स संघाची जमैकन शूटर रोमेल्डा एकेन-जॉर्ज गरोदरपणामुळे खेळणार नव्हती. तिच्या जागी वॉलमला बोलावणे आले. बदली खेळाडू म्हणून आलेल्या मुलीने त्या एका हंगामात अशी छाप पाडली, की वर्ष संपायच्या आत राष्ट्रीय संघाचे दार उघडले. ऑस्ट्रेलियाकडून नेटबॉल खेळणारी ती फक्त तिसरी आदिवासी स्त्री. तिच्या आधी मार्सिया एला-डंकन आणि शॅरन फिनन-व्हाइट या दोघीच. फिनन-व्हाइट २००० मध्ये शेवटचे खेळल्या होत्या. म्हणजे मध्ये बावीस वर्षांचा खंड.

या खंडात काय चालले होते, त्याचा एक नमुना २०२० मधला. लीगने आदिवासींच्या सन्मानार्थ खास फेरी ठेवली होती. त्या वेळी संपूर्ण लीगमध्ये जेमा मी मी ही एकच आदिवासी खेळाडू होती. फेरीच्या जाहिरातीत तिचा चेहरा ठळक होता. प्रत्यक्ष सामन्यात फायरबर्ड्सने तिला एक मिनिटही मैदानात उतरवले नाही. त्यावरून बरीच टीका झाली. दोन वर्षांनी वॉलम आली ती त्याच संघातून.

आता दुसरी बाजू. नेटबॉल ऑस्ट्रेलिया ही संघटना कर्जात होती. करोनाच्या दोन वर्षांत तिचा तोटा ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर गेला होता. अशा वेळी हॅनकॉक प्रॉस्पेक्टिंग कंपनीने चार वर्षांत दीड कोटी डॉलर द्यायचे मान्य केले. लँग हॅनकॉक यांच्या कन्या जीना राइनहार्ट या कंपनीच्या प्रमुख, आणि देशातल्या सर्वात श्रीमंत व्यक्ती. त्या काळी ऑस्ट्रेलियाचे जलतरण, नौकानयन आणि व्हॉलीबॉल बऱ्याच अंशी त्यांच्या पैशावर उभे होते. राइनहार्ट जलतरणपटूंना थेट मानधन देत आणि ते खेळाडू त्यांच्याबद्दल कृतज्ञतेने बोलत. आदिवासी समाजाच्या शिक्षणासाठी आणि आरोग्यासाठीही कंपनी खर्च करते. वडिलांच्या त्या उद्गारांपासून मात्र राइनहार्ट यांनी जाहीर फारकत घेतलेली नव्हती. खरी बोच तिथे होती.

वॉलमची विनंती मान्य झाली नाही. संघातल्या बाकीच्या जणी तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. आमचा आक्षेप पर्यावरणावरून नाही, संघात फूटही नाही, प्रश्न आमच्या एका सहकारी खेळाडूला साथ देण्याचा आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. २२ ऑक्टोबर २०२२ रोजी कंपनीने पूर्ण करार मागे घेतला. खेळाच्या संघटनांनी सामाजिक-राजकीय भूमिकांचे व्यासपीठ होऊ नये, असा तिच्या निवेदनाचा सूर होता.

कंपनीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हलका नव्हता. अडतीस वर्षांपूर्वी बाप काय बोलला, त्याचा जाब लेकीला का विचारता?

या प्रश्नावर हिब्रू बायबलच स्वतःशी वाद घालते. निर्गम या ग्रंथातला देव बापाच्या अपराधाचा झाडा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतो. यहेज्केल संदेष्टा अठराव्या अध्यायात याच्या नेमके उलट सांगतो. त्याच्या मते ज्याचे पाप त्यानेच भोगायचे, मुलाने बापाचे नाही. आपल्याकडे वाल्याची गोष्ट हाच प्रश्न उलट्या टोकाने विचारते. वाटमारीच्या कमाईवर पोसलेल्या बायकामुलांना वाल्या विचारतो, माझ्या पापात तुमचा वाटा किती? ते म्हणतात, काहीच नाही. कीर्तनकार ही गोष्ट वाल्याच्या पश्चात्तापाकडे वळवतात आणि ते योग्यच आहे. पण त्यात घरच्यांचे उत्तर बिनआव्हान सुटते. पाप नको, पण रांजणातले धान्य हवे, हे त्यांचे म्हणणे कुणी तपासत नाही.

ते तपासले आपल्या धर्मशास्त्राने, आणि तेही वकिली काटेकोरपणाने. याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा या ग्रंथांत पित्याच्या ऋणाचा विचार तपशिलाने आला आहे. बापाचे कर्ज मुलाने फेडावे, हे त्याचे धार्मिक कर्तव्य. पण बापाने दारू, जुगार किंवा बाहेरख्यालीपणासाठी काढलेले कर्ज मुलावर येत नाही. बापाला झालेला आणि न भरलेला दंडही मुलाकडून वसूल करता येत नाही. मात्र वारसा जो उचलतो, ऋणही त्यानेच उचलायचे. इंग्रजी अमदानीत आणि नंतरही आपल्या न्यायालयांनी हे तत्त्व वापरले. ९ सप्टेंबर २००५ रोजी हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती अमलात आली, तेव्हा निव्वळ पुत्रधर्म म्हणून बापाचे नवे कर्ज मुलाच्या गळ्यात घालण्याची वाट बंद झाली.

शास्त्रकारांनी इथे एक बारीक भेद केला आहे. दंड वारशाने येत नाही, देणे येते. शिक्षा ही अपराध्याची. पण मालमत्ता घेतली की तिच्यावरचा बोजाही घ्यावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञाने जर्मनांच्या अपराधाबद्दल लिहिताना असाच भेद वेगळ्या शब्दांत मांडला. गुन्हा करणाऱ्याचा अपराध वेगळा आणि समाज म्हणून उचलायची जबाबदारी वेगळी. पहिला नातवंडांवर लादता येत नाही, दुसरी टाळता येत नाही.

ऑस्ट्रेलियाला हा वाद नवा नव्हता. आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून नेण्याच्या सरकारी धोरणाचा अहवाल १९९७ मध्ये आला. तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी अधिकृत माफी मागायला नकार दिला. आजच्या पिढीने मागच्यांच्या कृत्यांची माफी का मागावी, हा त्यांचा युक्तिवाद होता. १३ फेब्रुवारी २००८ रोजी नवे पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. रड यांनी स्वतः एकही मूल पळवले नव्हते. ज्या राज्यसंस्थेच्या गादीवर ते बसले होते, तिचे देणे त्यांनी मान्य केले.

राइनहार्ट यांच्याकडे वारशात खाणींचे हक्क आले, कंपनी आली, नाव आले. कंपनीचा डोलारा त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर कितीतरी पटीने वाढवला, हेही खरे. पण ज्या नावाचे चिन्ह त्या दुसऱ्याच्या छातीवर लावू पाहत होत्या, त्या नावावरची थकबाकी त्यांना विचारली जाणारच. मागणी शिक्षेची नव्हती, भरपाईचीही नव्हती. 'ते चूक होते' एवढे तीन शब्द पुरले असते.

दुसरा प्रश्न पैशाचा. कलंकित पैसा घ्यावा की नाही, यावर १९०५ मध्ये अमेरिकेत मोठे वादळ उठले होते. तेलसम्राट रॉकफेलर यांनी एका ख्रिस्ती मिशन मंडळाला एक लाख डॉलर दिले आणि वॉशिंग्टन ग्लॅडन या धर्मोपदेशकाने ते घेऊ नयेत म्हणून आघाडी उघडली. मिशनने पैसे ठेवून घेतले. त्याच वर्षी लंडनच्या रंगभूमीवर बर्नार्ड शॉच्या 'मेजर बार्बरा' नाटकात दारूवाल्याचा आणि तोफा बनवणाऱ्याचा पैसा गरिबांना जेवू घालणाऱ्या संस्थेकडे आला, आणि नायिका पेचात सापडली.

महाभारतात हा विचार अधिक नेमका आहे. शिष्टाईसाठी हस्तिनापुरात आलेला कृष्ण दुर्योधनाच्या पंक्तीला बसत नाही, विदुराकडे जातो. मराठी माणसाला त्यातल्या विदुराघरच्या कण्या आठवतात. पण उद्योगपर्वात कृष्णाने दिलेले कारण अधिक महत्त्वाचे आहे. दुसऱ्याचे अन्न दोनच वेळा खावे, असे तो सांगतो. एक तर देणाऱ्याची आपल्यावर माया असेल तेव्हा, नाहीतर आपण संकटात असू तेव्हा. दुर्योधनाची माया नाही आणि कृष्ण संकटात नाही, म्हणून नकार.

या कसोटीवर नेटबॉल ऑस्ट्रेलियाला सरसकट दोष देता येत नाही. ती संघटना खरोखरच संकटात होती. खेळाडूंचे मानधन, मुलींची शिबिरे, सगळे त्या पैशावर अवलंबून. आपद्धर्म म्हणून तिने हात पुढे केला, हे समजण्यासारखे आहे. तिची चूक वेगळी होती. संकट संघटनेचे होते आणि त्याची किंमत मात्र वॉलमला चुकवायला सांगितली गेली. आपद्धर्म स्वतःपुरता असतो. आपल्या अडचणीपायी दुसऱ्याला त्याचा मान गिळायला लावण्याची सवलत त्यात बसत नाही.

तिसरा प्रश्न सर्वात अवघड. विवेकाच्या नावाखाली प्रत्येक जण पोशाखातले हवे ते नाकारू लागला, तर संघ राहील कसा?

उदाहरणे पाहिली तर भीती बरीच कमी होते. दक्षिण आफ्रिकेचा फलंदाज हाशिम आमला श्रद्धाळू मुसलमान. संघाच्या शर्टावर बिअरच्या ब्रँडचे चिन्ह होते, ते त्याने लावले नाही, आणि मंडळाने ते मान्य केले. खुद्द ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये पाकिस्तानात जन्मलेला लेगस्पिनर फवाद अहमद याने बिअरचे चिन्ह नको म्हटले. क्रिकेट ऑस्ट्रेलिया आणि बिअर कंपनी या दोघांनी त्याला चिन्हाविना खेळू दिले. काही माजी खेळाडू कुरकुरले, पण करार टिकला आणि सामनेही झाले. नऊ वर्षांपूर्वीचा हा पायंडा हाताशी असताना वॉलमला मुभा नाकारली गेली.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण आठवेल. १९९६ च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकरने ५२३ धावा काढल्या, त्या बॅटवर एकही स्टिकर नसताना. तंबाखू आणि दारूची जाहिरात करणार नाही, असा शब्द वडिलांना, प्रा. रमेश तेंडुलकर यांना दिला होता, असे त्याने नंतर सांगितले आहे. गंमत अशी की ती स्पर्धाच सिगारेटच्या ब्रँडच्या नावाची होती, विल्स विश्वचषक. सचिन स्पर्धेतून बाहेर पडला नाही, संघातल्या इतरांनी काय करावे हेही त्याने सांगितले नाही. आपल्या हातातल्या लाकडापुरता निर्णय घेतला. २००१ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर पुल्लेला गोपीचंदनेही शीतपेयाची जाहिरात अशीच नाकारली. वॉलमची विनंती याच जातीची होती, तिने फक्त स्वतःपुरते मागितले. तिच्या सहकाऱ्यांनी तो प्रश्न सगळ्यांचा केला, हा त्यांचा स्वतंत्र निर्णय.

आमला आणि फवाद यांच्यामागे धर्मग्रंथ होता, वॉलमच्या मागे कोणता, असे कुणी विचारेल. विवेकाला ग्रंथाचा शिक्का लागतोच असे नाही. सैन्यात जायला नकार देणाऱ्या वेल्श नावाच्या तरुणाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये म्हटले, की खोलवर रुजलेली नैतिक धारणा धार्मिक नसली तरी चालते. शिवाय ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या दृष्टीने भूमी, पाणी आणि पूर्वज ही गणगोतात मोडणारी माणसे आहेत. ज्या पाण्यात विष कालवायची भाषा झाली, ते पाणी त्यांच्या नात्यातले. याला धर्म म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

पण मग एक कडू घोटही गिळावा लागतो. त्याच वर्षी जुलैमध्ये सिडनीच्या मॅनली या रग्बी लीग संघाने समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांच्या समर्थनार्थ इंद्रधनुष्यी पट्ट्यांचा शर्ट काढला. सात खेळाडूंनी धार्मिक आणि सांस्कृतिक कारणे देऊन तो घालायला नकार दिला आणि ते तो सामना खेळले नाहीत. प्रशिक्षकांनी आधी विचारले नाही म्हणून खेळाडूंची आणि समलिंगी समाजाची, दोघांचीही माफी मागितली. त्याआधी जानेवारीत ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या महिला लीगमधली पहिली मुस्लीम खेळाडू हनीन झ्रेका हिनेही अशाच शर्टाला नकार देऊन सामना सोडला होता. वॉलमला टाळ्या देणाऱ्या अनेकांनी मॅनलीच्या सात जणांना झोडपले. त्या सातांचे कौतुक करणाऱ्या अनेकांना वॉलम नाटकी वाटली. दोन्ही बाजूंना विवेक हवा होता तो आपल्याच पक्षाचा.

यातून सुटण्याची वाट आहे. नकार देण्याचा हक्क आणि दिलेल्या नकाराची योग्यता या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. हक्क वॉलमला आहे तितकाच त्या सातांना आणि झ्रेकाला. योग्यता तोलताना मात्र पाहावे लागते की नकारामुळे कोण दुखावते. वॉलमने नाकारले ते आपल्या समाजाच्या नाशाची भाषा करणाऱ्याचे नाव. सात जणांनी नाकारली ती आधीच हिणवल्या गेलेल्या माणसांना आपले म्हणण्याची खूण. पहिल्या नकाराने एका अब्जाधीश कंपनीला संकोच वाटला असेल. दुसऱ्याने एखादा घाबरलेला पोरगा आणखी आत ओढला गेला असेल. दोन्ही नकार मान्य करूनही त्यांची किंमत सारखी नाही, असे म्हणता येते.

करार मोडल्यानंतर चार दिवसांनी, २६ ऑक्टोबर २०२२ रोजी, न्यूकॅसल शहरात इंग्लंडविरुद्ध वॉलमने पदार्पण केले. ती राखीव खेळाडू म्हणून उतरली. सामना शेवटच्या क्षणांपर्यंत बरोबरीत होता आणि विजयाचा गोल तिने केला. ऑस्ट्रेलिया एका गोलाने जिंकला. बातम्यांना याहून चांगला शेवट मिळाला नसता, पण त्या गोलाने नैतिक प्रश्न सुटला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. चेंडू कडीला लागून बाहेर पडला असता, तरी तिची विनंती तेवढीच रास्त राहिली असती. पुढच्या वर्षीच्या केपटाउन विश्वचषकाच्या संघात तिची निवड झाली नाही, म्हणून ती चुकीचीही ठरत नाही.

पैशाचे म्हणाल तर महिना संपायच्या आत व्हिक्टोरिया राज्याची पर्यटन संस्था पुढे आली आणि साडेचार वर्षांसाठी तेवढेच दीड कोटी डॉलर देण्याचा करार झाला. सरकारच्या तिजोरीतला पैसा निर्मळ असतो, असे नाही. ते राज्यही आदिवासींच्या बळकावलेल्या जमिनीवरच उभे आहे. पण तिथे निदान देणे मान्य करण्याची भाषा आहे. झळ मात्र बाकीच्यांना बसली. हॅनकॉकने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट कोस्ट फीव्हर या संघाचे प्रायोजकत्वही सोडले, आणि २०२३ मध्ये नेटबॉलपटू व संघटना यांच्यात मानधनावरून कडवट वाद झाला. एकीच्या विवेकाची किंमत अनेकींनी वाटून घेतली. त्यांनी ती आपण होऊन घेतली, म्हणूनच तिला मोल आहे; तसे करायला त्यांना भाग पाडले असते, तर तोही अन्यायच झाला असता.

हे सगळे टाळणे फार कठीण नव्हते. फवाद अहमदला जी सूट मिळाली, ती वॉलमला दिली असती, तर बाकी सगळ्यांच्या अंगावर हॅनकॉकचे नाव आले असते, एकीच्या आले नसते, आणि दीड कोटी डॉलरही राहिले असते. प्रायोजकाशी सही करण्याआधी खेळाडूंना विचारावे, आणि ज्याला चिन्ह नको त्याला कारणांची उलटतपासणी न घेता मोकळे सोडावे, असे एक कलम प्रत्येक क्रीडा संघटनेने करारात घालावे. यात भारतातल्या संघटनाही आल्या.